तू आत हायस तोवर

१

दर सोमवारी सकाळी सात वाजता वाजिद मिस्त्री किल्ल्यात यायचा आणि अकरा काचा बघून जायचा.

किल्ला म्हणजे लातुरातल्या गुरुलिंग सरांच्या क्लासची इमारत. पोरं सरांना मागून 'राजे' म्हणायची, म्हणून हा राजांचा किल्ला. तळमजल्यावर ऑफिस आणि मेस, त्यावर तीन मजले वर्गांचे, सगळ्यांत वर मुलींचं होस्टेल. पाया मात्र तीनच मजल्यांचा होता. वरचे दोन चढवू नका, असं वाजिदनं दोनदा सांगून पाहिलं होतं आणि मग ते त्यानंच चढवले होते. होस्टेलचा स्लॅब टाकला त्या वर्षी भिंतींना भेगा आल्या.

भेग जागची आहे की वाढते आहे, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी वाजिदच्या वडिलांची एक रीत होती. भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटनं भिंतीला पक्की करायची, कोपऱ्यात तारीख कोरायची. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. वाजिदनं अशा अकरा पट्ट्या लावल्या होत्या आणि चौदा महिन्यांत एकही तडकली नव्हती. सोमवारी त्या साबूत दिसल्या की त्याला आठवडाभर झोप लागायची.

२००६ सालच्या मे महिन्यातला तो सोमवार. होस्टेलच्या मुली सुटीला गावी गेलेल्या, वर्ग बंद, इमारत रिकामी. वाजिद एकेक मजला चढत काचा बघत गेला. एक ते सहा ठीक. सात नंबरची पट्टी तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या बाजूनं, सरांच्या राहत्या खोलीच्या भिंतीला होती.

त्या पट्टीला वाफ धरली होती.

वाजिदनं खांद्यावरच्या रुमालानं काच पुसली. वाफ गेली नाही. ती भिंतीकडच्या बाजूनं होती. तो बघत उभा राहिला. वाफेचा तो पांढुरका गोल कडेकडेनं आक्रसत गेला, मधे बोराएवढा उरला आणि नाहीसा झाला. काच स्वच्छ झाली. मग थोड्या वेळानं ती परत, सावकाश, पांढरी होत गेली.

२

वाजिद घाबरट माणूस नव्हता. ओल म्हटली की मिस्त्री आधी नळ बघतो. त्या भिंतीत नळ नव्हता. भिंत त्यानंच बांधली होती, विटा त्याला तोंडपाठ होत्या. गच्चीवरची टाकी गळत असेल म्हणून तो वर गेला. शहराला पाणी आठव्या दिवशी, टाकी कोरडी ठणठणीत, तळाला मेलेलं पाखरू. उन्हानं सकाळीच गच्ची तापलेली. असल्या दिवसांत वाफ धरायला भिंतीत पाणी हवं, आणि त्या भिंतीत लातूरच्या भिंतीइतकंच पाणी होतं.

उरलेल्या काचा त्यानं पाहिल्या. सगळ्या धूळ खात, कोरड्या. मग आठ नंबरच्या काचेवर तोंड नेऊन त्यानं स्वतः श्वास सोडला. काच पांढरी झाली. गोल कडेकडेनं आक्रसला, मधे बोराएवढा उरला, गेला. अगदी तसाच.

तो सातकडे परत आला आणि वाफ मोजू लागला. त्याचे चार श्वास व्हायचे तेव्हा काच एकदा पांढरी व्हायची.

पट्टी लावली तेव्हा या भेगेत दाढीचं पातं जेमतेम जायचं. वाजिदनं खिशातून रुपया काढला आणि पट्टीच्या वीतभर खाली भेगेला लावला. नाणं उभं, सहज आत गेलं. बोटातून सुटलं. खाली पडल्याचा आवाज आला नाही. भेग एवढी रुंदावली, म्हणजे वरची काच कधीच दोन तुकडे व्हायला हवी होती. काच धड होती. तारीखसुद्धा वाचता येत होती.

"काय वाजिदभाई, फुटली का?"

गुरुलिंग सर दारात उभे होते. बनियन, लुंगी, हातात चहाचा ग्लास. सदतीस-अडतीसचं वय, पण केस सगळे पांढरे.

"न्हाई सर. पण वाफ..."

"फुटायची न्हाई," सर म्हणाले आणि हसले.

मग त्यांनी रविवारचं सांगितलं. रविवारी सकाळी दहाला निवड चाचणी, नव्या अकरावीच्या बॅचसाठी. सहाशे चाळीस फॉर्म आले होते. रस्त्यापलीकडे हरिओमनं नवा क्लास काढला होता. हा हरिओम दोन वर्षांमागं सरांच्याच हाताखाली शिकवायचा. आता त्यानं त्याच दिवशी, त्याच वेळेला आपली चाचणी ठेवली होती. सर त्याला लढाई म्हणत होते. कोणत्या मजल्यावर किती पोरं, जिन्यावर कोण, पाणी कुठं, ते सगळं सेनापतीनं तंबूत बसून सांगावं तसं त्यांनी वाजिदला ऐकवलं. तुमची पोरगी अलीझा पण हाय त्याच्यात, असंही म्हणाले. चाचणीत निवड झाली तर दहावीनंतर तिला क्लासमध्ये फुकट घ्यायचं त्यांनी केव्हाच कबूल केलं होतं.

उतरून बाहेर पडताना वाजिदचं लक्ष दाराजवळच्या चपलांच्या फळीकडे गेलं. सरांच्या कोल्हापुरी चपला तिथं होत्या. त्यांवर बोटभर धूळ होती, आणि एका अंगठ्यापासून दुसऱ्या अंगठ्यापर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं.

वाजिद आठवू लागला. जानेवारीत सरांचे थोरले भाऊ वारले, तेव्हा सर मातीला गेले नव्हते. वाजिदच्या पुतण्याचा निकाह दोनशे पावलांवरच्या हॉलमध्ये झाला, तेव्हा सरांचं नुसतं पाकीट आलं होतं. रस्त्यावर, बँकेत, मोंढ्यात, कुठंच त्यानं सरांना पाहिलं नव्हतं. इमारत पुरी होऊन सरांनी त्या खोलीत बिऱ्हाड टाकलं, त्याला दोन वर्षं झाली होती.

३

या दोघांची ओळख दगडाखाली झाली होती.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा वाजिद नांदेडजवळच्या लोह्याकडं एका शाळेचं काम करत होता. बातमी आली तशी पाच-सात मिस्त्री पहार, घमेली घेऊन ट्रकमधून निघाले. तेरणेच्या काठचं एक गाव त्यांच्या वाट्याला आलं. गाव कुठलं, दगडमातीचा पसरलेला ढीग. दुसऱ्या दिवशी दुपारी एका ढिगाखाली वाजिदला बोलणं ऐकू आलं. कुणी ओरडत नव्हतं की कण्हत नव्हतं. ओट्यावर दोघं बसून बोलतात तसं ते बोलणं होतं. एकजण काही विचारत होता, थांबत होता, हं हं म्हणत होता.

दोघं हायत, असं वाजिदनं बाकीच्यांना सांगितलं. तीन तास लागले. निघाला एकटा गुरुलिंग, तेव्हा पंचवीसचा, बी.एस्सी. होऊन घरी बसलेला. वाजिदनं त्याला काखेत हात घालून ओढून काढलं आणि दुसऱ्यासाठी परत आत वाकला. आत दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती. गुरुलिंगच्या डोक्यापाशी अडीच हात रुंदीची दगडी भिंत होती, भरीव, धड उभी. पलीकडे काळी माती.

तहानेनं माणूस बडबडतो, असं वाजिदनं तेव्हा स्वतःला समजावलं. तेरा वर्षं ते समजावणं पुरलं होतं.

४

विठाबाई मेसमध्ये भाकऱ्या थापायची, सुटीत सरांपुरत्या. ती सरांच्याच गावची. मंगळवारी वाजिद तिच्याकडं गेला, कारण सर बाहेर का पडत नाहीत हे सांगू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं.

तिनं पीठ मळता मळता ऐकून घेतलं. मग तिनं सरांचं काही सांगितलंच नाही. आपल्या नवऱ्याचं सांगितलं.

नवरा ग्यानोबा. भूकंपाच्या आदल्या साली गावात सारखे धक्के बसायचे. गाव रात्री अंगणात झोपायचं. पुढं धक्के थांबले तरी काहींची भीती गेली नव्हती. त्र्याण्णवच्या श्रावणात ग्यानोबा घरातल्या जमिनीखालच्या पेवातून ज्वारी काढायला उतरला आणि वर आला तो हसत. खाली कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की तू आत हायस तोवर घर पडत न्हाई. त्या दिवशी त्यानं सगळ्यांच्या वाकळा आत नेल्या. तेव्हापासून तो घराबाहेर पडेना. शेतावर जाईना. गावातले त्याला घरकोंबडा म्हणायचे, घरात बसून अंडी घालतो का म्हणून विचारायचे. तोही हसायचा. लेकरं निवांत झोपत्यात न्हवं, म्हणायचा.

"गणपती बुडवून आल्तो त्या दिवशी," विठाबाई म्हणाली. "पहाटं ते उठून बसले. म्हणले, भाईर कोन हाका मारून राहिलंय? मी म्हणलं, कोनी न्हाई, झोपा. ते गेले. माझी झोपमोड झाली म्हनून मी मागं दारात आले. त्यांचा पाय उंबऱ्याभाईर पडला, मिस्त्री. अन् माझ्या पाठीमागं घर बसलं."

लेकरं दोन होती. थोरलीचं नाव तारामती. धाकट्याचं नाव तिला सांगवलं नाही.

"हाका कोण मारत होतं?"

विठाबाईनं परात पुढं ओढली. "अंगणात कोनी न्हवतं," ती म्हणाली.

ग्यानोबानं पुढच्या महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये गळफास घेतला होता.

५

गुरुवारी वाजिद सरांच्या खोलीत बसला. चाचणी एखाद्या मंगल कार्यालयात घ्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. भेग वाढलीय, पाया तीन मजल्यांचा आहे, सहाशे चाळीस पोरं एका वेळी आत कधीच नव्हती. त्यानं ओळंबा दाखवला, कॉलम कुठं किती कलला ते कागदावर काढून दाखवलं.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून दार लोटलं आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा वाजिदला ते सांगितलं.

दगडाखाली त्यांना कुणीतरी नाव विचारलं होतं. आवाज आईचा म्हणावा तर आईचा, स्वतःचा म्हणावा तर स्वतःचा. त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. तू निघशील, एका मुसलमान माणसाच्या हातानं. तू हजारांनी पोरं शिकवशील आणि पाच मजल्यांचं घर बांधशील. आणि तू आत हायस तोवर ते घर पडत न्हाई.

"पैली तुमीच खरी केली," सर म्हणाले. "दुसरी पन तुमीच. पाचवा मजला मी काही हौसेनं चढवला का? तिसरी खोटी कशी निघंल?"

विठाबाईचं बोलणं सांगायचं नाही असं वाजिदनं ठरवलं होतं, पण आता सांगून टाकलं. शब्दसुद्धा तेच होते, हे त्यानं दोनदा सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी मागं वळून भिंतीकडं पाहिलं. वाजिदला वाटलं, झालं, मानलं यांनी.

पण सर वळले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"म्हंजे खरंच हाय की, वाजिदभाई! तो भाईर गेला म्हनून पडलं. आत असता तर उभं होतं. मी जानारच न्हाई. मग कसं पडंल?"

"सर, तुम्ही माणूस हायत. झोपेत चालला, चक्कर आली, हार्ट अटॅक आला. कुणी हाक मारली."

"मी कुणाच्या हाकेला जात न्हाई. सख्ख्या भावाच्या मातीला गेलो न्हाई."

ते हे अभिमानानं म्हणाले. मग टेबलावरचा बैठकीचा नकाशा त्यांनी वाजिदपुढं सरकवला आणि तिसऱ्या मजल्यावर, आपल्या खोलीला लागूनच्या वर्गात, एका चौकोनावर बोट ठेवलं. अलीझाची जागा त्यांनी स्वतः निवडली होती. सगळ्यांत सुरक्षित, म्हणाले.

वाजिद बाहेर आला तेव्हा सात नंबरची काच भराभर पांढरी होत होती आणि भराभर साफ होत होती. त्याच्या आणि तिच्या श्वासात आता फरक उरला नव्हता.

६

नगरपालिकेत त्यानं अर्ज दिला. साहेब सोमवारी भेटतील असं सांगण्यात आलं.

घरी त्यानं सांगून टाकलं की अलीझा रविवारी जाणार नाही. वाफेचं, विठाबाईचं काही बोलला नाही. ते चुलीपुढं उजेडात बोललं की अगदीच खुळचट वाटलं असतं, आणि त्याला स्वतःलाही ते तसं वाटावं अशी आशा होती. नुसतं म्हणाला, इमारत बरोबर नाही.

त्याच्या बायकोनं, सबिहानं, हातातलं लाटणं थांबवलं. "बांधे तो तुमीच ना?" एवढंच ती म्हणाली.

अलीझा सोळाची. सात महिने ती पहाटे उठून शेजाऱ्यांच्या जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करत होती. ती रडली नाही.

"अब्बा, काच तडकली का?"

"न्हाई."

"एकही?"

"न्हाई."

"मग लहानपणापासून मला कशाला शिकवलं, की काच धड तर भिंत धड?"

शनिवारी वाजिदनं तिच्या खोलीला बाहेरून कडी लावायचं मनात आणलं आणि लाजून सोडून दिलं. रविवारी तो उठला तेव्हा ती कधीच निघून गेली होती. सबिहानं डबा करून दिला होता.

७

साडेनऊपर्यंत किल्ल्यापुढं जत्रा जमली. गावोगावचे आईबाप, उदगीरचे, बिलोलीचे, थेट किनवटहून रात्रभर प्रवास करून आलेले. रस्त्यापलीकडे हरिओमच्या मांडवात बरीच गर्दी होती. पण इकडं जास्त होती. सर वरून, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून हात जोडत होते. कुणीतरी 'राजे' म्हणून आरोळी ठोकली आणि पोरं हसली.

वाजिदनं अलीझाला शोधलं. ती आत गेली होती. तो दारातच राहिला. दहाला घंटा झाली. सहाशे चाळीस पोरांनी एकदम कागद उलटल्याचा आवाज खालीपर्यंत आला. मग इतकी शांतता झाली की पंख्यांची घरघर तेवढी राहिली.

सव्वादहाला जिन्यावर अनवाणी पावलं वाजली. सर खाली येत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, आणि चेहरा झोपेतून उठवलेल्या लेकरासारखा.

"कोन हाका मारून राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई सर."

"लिंगू म्हनून हाक मारली. आईच म्हनायची तसं." ते दाराबाहेर बघत होते. बाहेर चार-दोनशे माणसं होती, पण त्यांची नजर माणसांच्या पलीकडं कुठंतरी लागली होती. "थांब, आलो."

वाजिद आडवा आला. सरांनी त्याला असं अलगद बाजूला केलं, जसा तो पडदाच होता. त्यांचा उजवा पाय उंबऱ्यापलीकडं पायरीवर टेकला.

आवाज पायाखालून आला. गाडीभर दगड दूर कुठंतरी ओतावेत तसा. मग पाचही मजल्यांच्या खिडक्यांच्या काचा एका सुरात वाजल्या आणि दाराच्या वरच्या बीममधून वाळूची सरळ धार सरांच्या खांद्यावर सांडली.

सरांनी वर पाहिलं. खांद्यावरची वाळू पाहिली. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी पाय असा ओढून घेतला जसा विस्तवातून काढावा, आणि ते वळून जिन्यानं वर धावले. काचा वाजायच्या थांबल्या.

लातुरात एक शब्द असा आहे की तो कुणी गमतीनंही उच्चारत नाही. वाजिदनं पोटातून जोर लावून तो उच्चारला.

"भूकंप!"

दुसऱ्यांदा ओरडावं लागलं नाही. या मुलुखातल्या पोरांना पळायला शिकवावं लागत नाही. आयांच्या कडेवर असतानाच ती पळालेली असतात. चार मिनिटांत किल्ला रिकामा झाला. चपला, कंपास, डबे जिन्यात पडले. कुणाचा गुडघा फुटला, कुणाचा चष्मा गेला, बाकी सगळे रस्त्यावर धड उभे होते, आणि आईबाप नावं घेऊन ओरडत होते.

वाजिदनं दोनदा सगळा घोळका धुंडाळला. अलीझा त्यात नव्हती.

८

तो आत शिरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण सावकाश चढतो आहोत. पहिला मजला. बाकांवर कागद, कागदांवर उघडी पेनं, वर पंखे चालू. कागद फडफडत होते. दुसरा मजला. तिथंही पंखे चालू होते, पण कागद हलत नव्हते. हे असं का, हा विचार त्यानं पुढं नेला नाही. पायऱ्या मोजत राहिला.

तिसऱ्या मजल्यावर तो आधी थांबला, कारण बोलणं ऐकू येत होतं. दोघं ओट्यावर बसून बोलतात तसं.

मग अलीझाचा आवाज आला. "सर, जोर लावा ना."

व्हरांड्याच्या टोकाला सर भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत भेगेत गेलेला होता. जिथं सोमवारी रुपया गेला, तिथंच. भेग रुपयापेक्षा रुंद झालेली नव्हती. मनगटाभोवतीचा गिलावासुद्धा निघालेला नव्हता. अलीझा त्यांचा डावा दंड दोन्ही हातांनी धरून, पाय भिंतीला लावून मागं रेटत होती.

"अब्बा, आतून कुणीतरी ओढून राहिलंय," ती म्हणाली.

"हिला घेऊन जा, वाजिदभाई," सर म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही.

"हात काढा, सर."

"निघत न्हाई."

"मी पहार आणतो. पाच मिनिटं. तुम्हाला एकदा काढलंय मी."

सर थोडं हसल्यासारखे झाले. कपाळावरचं भस्म घामानं ओघळून भुवईत उतरलं होतं. "काढलं कुठं?" ते म्हणाले. "मला वाटलं, ते मला राखून राहिलंय."

वाजिद जवळ गेला. नको जायला होतं, पण काय पकडलंय ते बघितल्याशिवाय मिस्त्रीचा हात चालत नाही. हाताच्या वर वीतभर सात नंबरची काच होती, पांढरी. तो वाकला तेव्हा ती साफ होत होती. कडेकडेनं गोल आक्रसला. आतल्या काळोखात खाली सरांची बोटं दिसली, पसरलेली. त्यांच्यावर दुसरी बोटं गुंफलेली होती. मातीनं माखलेली, नखं मोडलेली. काही मोठ्या माणसांची, काही अगदी लहान. वाजिद मोजायला लागला आणि आठव्या बोटानंतर काच परत पांढरी झाली.

त्यानं अलीझाला कमरेला धरून ओढलं. ती सरांचा दंड सोडेना. त्यानं तिचं एकेक बोट उकललं.

"पळू नका," सर म्हणाले. वर्गात गणित सांगायचे त्या आवाजात. "मी आत हाय. निवांत उतरा. खाली सगळ्यांना लांब न्या. कुनी बोलावलं तरी मी जात न्हाई आता."

ती दोघं उतरली. एकाही पायरीला धक्का बसला नाही. दुसऱ्या मजल्यावर असताना वर सर बोलायला लागले होते. काही विचारत होते, थांबत होते, हं हं म्हणत होते.

९

किल्ला पडला नाही.

अग्निशमनवाले संध्याकाळी आत गेले. तिसऱ्या मजल्यावर कुणी नव्हतं. वाजिदनं दाखवली ती भिंत त्यांनी फोडली. आरपार नऊ इंची भरीव वीट, मधे पोकळी नाही. भेग त्यांना केसाएवढी दिसली. मिस्त्रीनं ओरडा करून पोरांची चाचणी उधळली म्हणून काही पालक त्याच्या अंगावर धावून आले. सर तोंड लपवून कर्नाटकात गेले, असं पेपरात आलं. हरिओमनं पुढच्या रविवारी सगळ्यांची चाचणी परत घेतली आणि सहाशे चाळीसपैकी सहाशेच्या वर पोरं त्याच्याकडं गेली.

औरंगाबादहून एक इंजिनिअर आला. दोन दिवस मोजमाप करून त्यानं वाजिदला बाजूला घेतलं आणि खाजगीत विचारलं, की मिस्त्री, ही उभी कशी आहे? माझ्या हिशेबानं ही गेल्या वर्षीच जायला पाहिजे होती. इमारतीभोवती दोरी बांधली, पाडण्याची नोटीस चिकटवली. सरांच्या पुतण्यांनी कोर्टातून स्थगिती आणली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला.

विठाबाई गावी निघून गेली. अलीझानं त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. ती अकरावीला नांदेडला मावशीकडं राहिली. तिथं ती गच्चीवर झोपते, थंडीतही, असं मावशी सांगायची. महिन्याकाठी तिचा फोन यायचा. अभ्यासाचं, जेवणाचं बोलून झालं की ती विचारायची, "अब्बा, उभी हाय का?"

"हाव," वाजिद म्हणायचा. मग फोन ठेवला जायचा.

फजरची नमाज झाली की वाजिद औसा रोडनं चालत जातो. दोरीपाशी उभा राहतो. आजूबाजूचे घरवाले खिडक्यांतून तिकडं बघत असतात. त्यातलं कुणी हात जोडतं, कुणी दारात अगरबत्ती लावतं, की आजचा दिवस ही अशीच उभी राहू दे. वाजिद पाचही मजले खालपासून वरपर्यंत बघून घेतो. कुठं गिलावा सुटलेला नसतो, कुठं नवी भेग नसते. म्हणजे सर अजून आत आहेत, त्या बोटांच्या पकडीत, आणि जिवंत आहेत.

मग तो दोन्ही हात वर उचलतो आणि त्या सगळ्या गल्लीत एकटाच मागतो, की पडू दे.